फिरोजी फोन

इरा आणि ओजस, मागच्या सोमवारी संध्याकाळी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर नवी साडी दाखवायची म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि मागचा कॅमेरा सुरू केला. साडीकडे तुमचं लक्षच गेलं नाही. इरा म्हणाली, "आजी, तुझा फोन कसला आहे गं?" आणि ओजसने तिकडे परदेशात बसून दोन मिनिटांत शोधून सांगितलं, "आजी, हा कलर कंपनी काढतच नाही. मी चेक केलं." मी म्हटलं, "कंपनीने नाही काढला, मी काढला." तेवढ्यात तुमच्या शाळेची बस आली आणि बोलणं तिथेच राहिलं. ते आज पुरं करते. घाई अशासाठी, की या फोनची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. तुमचा मुकुंदमामा दिवाळीला नवा फोन आणायचं म्हणतो आहे. एकदा का हा कपाटात गेला, की त्याची गोष्टही त्याच्याबरोबर आत जाईल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड गेलं नसतं. बत्तीस वर्षं मी तेच शिकवलं. पण या गोष्टीत माझे वडील आहेत. नानांना इंग्रजी बोलायला लावलं तर ते कोणी दुसरेच गृहस्थ होतील. तेव्हा तुमची आई वाचून दाखवील, तुम्ही ऐका. अडलं तर मला विचारा.

मी लहानाची मोठी झाले ती हैदराबादेत, काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे फरशीचं छोटं अंगण आणि अंगणात एक नळ. त्याला पाणी येण्याआधी तो घसा खाकरायचा. गाड्यांच्या शिट्ट्यांवर आमचं घड्याळ चाले. आई म्हणायची, "परभणीकडची गेली, वरण उतरवा." नाना रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवणाऱ्या खात्यात होते. रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन ते सायकलने सिकंदराबादच्या बाजूला जात आणि संध्याकाळी परत येत, तेव्हा ते दाराशी पोचायच्या आधी त्यांचा वास घरात शिरे. टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल. गंमत अशी, की आमच्या घरी जवस दोन वाटांनी येत असे. आई जवस भाजून लसूण घालून चटणी कुटायची आणि नानांच्या रंगातही जवसाचंच तेल असे. लहानपणी कितीतरी दिवस मला वाटायचं, की नाना दिवसभर कुठेतरी बसून चटणी खातात.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, त्यावर लसणाची फोडणी आणि ही चटणी. आजही राजश्रीमामीने अंबाडी आणली, की मी आधी पिशवीत नाक घालते. भाजीवाली तिला गोंगुरा म्हणते. म्हणू दे. आंबटपणा तोच आहे.

रविवारी नाना घरी असले, की गल्लीतले लोक काहीबाही रंगवायला घेऊन येत. कुणाची ट्रंक, कुणाचा पाळणा, कुणाची सायकल. नाना आलेल्या वस्तूकडे डॉक्टरसारखे बघत, अंगठा फिरवत, आणि मग मला हाक मारत, "पोरी, रेगमाल आण." रेगमाल म्हणजे घासायचा कागद. तुम्ही सँडपेपर म्हणता तो. घासायचं काम माझं. कागद पाण्यात भिजवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि जुना रंग निघून पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत घासत राहायचं. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. घाई केली की नाना म्हणत, "रंग हा शेवटचा पाव्हणा हाय. आधी घर झाडून घ्यावं लागतं." घासून झालं की अस्तर, म्हणजे रंगाखालचा राखाडी थर. तो वाळला की पुन्हा घासणं. मग पातळ रंग, एकावर एक, प्रत्येक थर सावलीत वाळवून. जाड थर दिला तर तो ओघळतो आणि मग ओघळ जन्मभर दिसत राहतो. हे सगळं मला दहाव्या वर्षी पाठ होतं. पण ब्रश मात्र माझ्या हाती कधी आला नाही. शेवटचा थर नाना देत, किंवा माझा मोठा भाऊ, दादा.

कॉलेजला जायला लागले तेव्हा नानांनी माझ्यासाठी कुणाची तरी जुनी लेडीज सायकल आणली. गंजलेली, काळी. "कोणता रंग पायजे?" त्यांनी विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "फिरोजी." आमच्या समोर राहणाऱ्या खाला ईदला फिरोजी दुपट्टा घालत. तो रंग डोळ्यांत भरून राहिला होता. नाना हसले. "फिरोजी डब्यात मिळत नाही. निळा द्यायचा, वाळू द्यायचा, वरून हिरवा अगदी नावाला. खालचा निळा वर झिरपला पायजे. जमंल."

आठ दिवस मी ती सायकल घासली. चाकाच्या तारा, हँडलची वळणं, चेनचं झाकण. नखं गेली. शेवटच्या रविवारी निळा वाळून तयार होता, नानांनी हिरवा कालवला होता आणि मी हात धुऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, यावेळी सायकल माझी आहे, म्हणजे ब्रशही माझा. आई आतून म्हणाली, "अहो, तिला देऊ नका. बुधवारी पाव्हणे बघायला यायलेत. हातावर हिरवं निळं राहिलं तर काय म्हणतील, पोरगी हाय का पेंटर?" नानांनी माझ्याकडे पाहिलं, आईच्या आवाजाकडे पाहिलं आणि ब्रश दादाला दिला.

दादाला क्रिकेटला जायचं होतं. त्याने दहा मिनिटांत काम उरकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दांडीच्या खाली पाच ओघळ, मेणबत्तीचे असतात तसे. नानांनी त्यांवरून अंगठा फिरवला. दादाला ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "खालचं काम नंबर एक हाय. वरचं बिघडलं." एवढंच. बुधवारचे पाहुणे आले, कांदेपोहे खाऊन गेले आणि पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. माझे स्वच्छ हात कुणी पाहिलेही नाहीत. पाच ओघळांची ती सायकल मी पुढे तीन वर्षं कॉलेजला नेली.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. नानांसारखे वडील मिळणं भाग्याचं होतं. फक्त एवढं लक्षात ठेवा, की आठ दिवस घासलं होतं मी.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला या. लग्नानंतरही मी काचीगुड्यातच राहिले. तुमचे आजोबा गेल्यावर मी तिथलं घर बंद केलं आणि मुकुंद-राजश्रीकडे राहायला आले. मुकुंदने एकदम तीन फोन घेतले, तिघांना तिन्ही सारखे, काळे. "एकच चार्जर, एकच सेटिंग. तुझं काही अडलं तर मला लगेच कळेल," तो म्हणाला. कल्पना चांगली होती. पण चार्जिंगला लावताना फोन तापतो म्हणून तो सगळ्यांची कव्हरं काढून ठेवायचा, आणि मग दिवाणखान्यातल्या फळीवर तीन काळे फोन एकमेकांना चिकटून उभे असायचे, तिळ्या भावंडांसारखे. मला शिस्त लागते. माझी चष्म्याची डबी, औषधांचा डबा, किल्ल्या, सगळ्याची जागा ठरलेली. म्हणून मी एक उपाय केला. तुमचे आजोबा गेल्यावरही मी टिकली लावणं सोडलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली मी माझ्या फोनच्या पाठीवर चिकटवली. टिकलीवाला फोन माझा. महिनाभर सुरळीत चाललं.

एका बुधवारी सकाळी मी काचीगुड्याच्या आमच्या महिला मंडळात जायला निघाले. त्या दिवशी अकरा वाजता एक डॉक्टर गुडघेदुखीवर बोलायला येणार होते आणि सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. फळीवरून टिकलीवाला फोन उचलला, पर्समध्ये टाकला, मेट्रो घेतली, पुढे रिक्षा केली आणि साडेदहाला हॉलवर पोचले. पोचते तोच फोन वाजला. पलीकडे एक गृहस्थ स्वच्छ इंग्रजीत विचारत होते, "मिसेस देशपांडे, अकराच्या बैठकीला तुम्ही आहात ना?" मला वाटलं, हेच आपले डॉक्टर. मीही तितक्याच स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "मी केव्हाच हजर आहे. पण अजून खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नाहीत. तुम्ही माइकशिवाय बोलायची तयारी ठेवा, आणि कृपा करून गुडघ्यांपलीकडे जाऊ नका, आमच्या बायकांना वेळ नसतो." मग ते "ओके" म्हणाले आणि फोन बंद झाला.

तुम्ही ओळखलंच असेल. रात्रभर फळीवर फोन तापले, टिकलीचा गोंद सैल झाला आणि ती शेजारच्या फोनला जाऊन चिकटली. मी राजश्रीचा फोन घेऊन गेले होते आणि बोलले होते ते तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठांशी. मिसेस देशपांडे तीही आहेच की. त्या बैठकीसाठी ती तीन आठवडे झटत होती. तिला कॉम्प्युटर उघडायला एक कोड लागतो, तो तिच्या फोनवर येतो, आणि तिचा फोन काचीगुड्यात खुर्च्या मोजत होता. दुसऱ्याच कुणीतरी तिचं काम सगळ्यांसमोर मांडलं. ऑफिसकडून दुसरा कोड मिळवून ती अर्ध्या तासाने आत गेली तेव्हा सगळं संपत आलं होतं.

संध्याकाळी मी माफी मागितली. राजश्री म्हणाली, "असू द्या आई." आणि मला आधी वाढलं. त्या "असू द्या"नंतर ती दोन दिवस कामापुरतंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोळीवर तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढत होती.

तिसऱ्या दिवशी मुकुंद एक छोटी पेटी घेऊन आला. आत बटणांचा फोन.

"आई, बघ, किती मोठे आकडे आहेत. टॉर्चपण आहे."

"टॉर्च माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "यात इरा-ओजस दिसतात का?"

"ते आम्ही दाखवू ना आमच्या फोनवर. रोज संध्याकाळी."

दाखवू ना. देवळात पुजारी ठरल्या वेळी पडदा बाजूला करतो, तशी माझी नातवंडं मला दाखवली जाणार होती. इराचा पडलेला दात, ओजसने सकाळी पाठवलेलं कुत्र्याचं चित्र, मी रात्री तुमच्यासाठी मराठीत बोलून पाठवत असे त्या गोष्टी, हे सगळं दुसऱ्याच्या हातातून, दुसऱ्याच्या सवडीने. मुकुंदचं मन चांगलं होतं, यात शंका नाही. पण चांगल्या मनाने माणसाला किती लहान करता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," मी म्हटलं. "तोवर माझा फोन असा करते, की अंधारातसुद्धा कुणी चुकणार नाही. नाही जमलं, तर तुझी टॉर्च माझी."

"नवी टिकली लावणार?"

"रंगवणार."

तो हसला. राजश्री हसली नाही. पण तिने मान वर करून पाहिलं.

आमच्या सोसायटीसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ते श्रावणी नावाची एक तेलुगू मुलगी चालवते. केस वर बांधलेले, डोळ्याला भिंग. मी तिला फोन दाखवला आणि म्हटलं, याची पाठ काढून दे.

"काय को, अम्मा? पाठ टूट गई क्या?"

"टूटी नहीं. रंगाना है."

तिने भिंग वर केलं. "अय्यो! कव्हर लेलो ना अम्मा, इतने कलर हैं. दो मिनट का काम."

"कव्हर नक्को. मेरे को फिरोजी होना."

"कौन करता रंग?"

"मैं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पाठ प्लॅस्टिकची आहे हे नखाने वाजवून खात्री केली, गरम हवेचं यंत्र फिरवून ती अलगद सोडवली आणि कागदात गुंडाळून दिली. "कॅमेरे का काच निकाल के मेरे पास रखती. उस पे रंग गया तो पोते-पोतियाँ भूत दिखेंगे. और रंग पूरा सूखे बगैर मेरे पास नक्को लाना." फोनचा बाकी भाग तिने डबीत ठेवला आणि सिम बटणांच्या फोनमध्ये घालून दिलं. म्हणजे तो आठवडा मी टॉर्चवरच काढला. तुम्ही मला फोन लावत होतात आणि मी फक्त आवाज ऐकत होते, ते दिवस हेच.

हार्डवेअरच्या दुकानातून मी रेगमालाचे तीन बारीक कागद, प्लॅस्टिकसाठीचं अस्तर, आकाशी निळा, हिरवा आणि वरचं चकाकीचं पारदर्शक पाणी, असं सगळं स्प्रेच्या डब्यांत आणलं. दुकानदाराने विचारलं, गाडी कुठली आहे? मी सांगितलं, लहान आहे. घरी येऊन बाल्कनीत जुनी चादर अंथरली, नाकाला ओढणी बांधली आणि पाण्याची वाटी घेऊन बसले. पहिल्यांदा कागद फिरवला आणि तो ओला खरखर आवाज आला, तेव्हा मला क्षणभर नळाचं खाकरणंही ऐकू आलं. हाताला सगळं आठवत होतं. कुठे दाबायचं, कडेला कुठे हलकं घ्यायचं. काळी चमक गेली, पाठ राखेसारखी मऊ झाली. अस्तर दिलं, वाळवलं, पुन्हा घासलं. आधी चिवड्याच्या डब्याच्या झाकणावर निळ्यावर हिरवा मारून पाहिला. पहिला पोपटी झाला, दुसरा मळकट, तिसऱ्यांदा लांबून नुसता तुषार उडवला आणि झाकणावर समोरच्या खालांचा दुपट्टा उमटला.

आणि मग मी ती चूक केली. पन्नास वर्षं हैदराबादच्या उन्हात मी पापड वाळवले, कुरडया वाळवल्या, चिंच वाळवली, मिरच्या वाळवल्या. ऊन कडक होतं. बाल्कनीच्या एका कोपऱ्यात साबुदाण्याच्या पापड्या पातळ मलमलखाली वाळत होत्याच. निळा थर दिलेली पाठ मी त्यांच्या शेजारी ठेवली आणि धूळ बसू नये म्हणून मलमलीचं टोक तिच्यावरही ओढलं. नानांचं "सावलीत" मला पाठ होतं, ते मी तुम्हाला वर लिहूनही दाखवलं आहे. पण हाताने नानांचं ऐकलं नाही, स्वयंपाकघराचं ऐकलं. दुपारी पाहिलं तर रंगाला फोड आले होते आणि फोड नव्हते तिथे मलमलीची वीण जशीच्या तशी उमटली होती. एका कोपऱ्यात साबुदाण्याचा एक दाणाही पक्का बसला होता. पापड्या मात्र उत्तम झाल्या.

मंगळवार होता. मी चादरीवर तशीच बसून राहिले. मुकुंदने टॉर्चवाला फोन का आणला, ते मला त्या वेळी अगदी पटलं.

राजश्री पाणी द्यायला आली. तिने पाठ उचलली, दाणा पाहिला आणि तिला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग पोट धरून. "आई, हा साबुदाणा… हा ऑफिसला दाखवायला हवा." मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ती खाली बसली.

"त्या दिवशी सर मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तुमच्या सासूबाईंना बैठका घ्यायला बोलवा. पाच मिनिटांत खुर्च्या, माइक आणि विषय, सगळं आटोक्यात."

"आणि तुझं काम?"

"ते पुढच्या महिन्यात पुन्हा मांडायचं आहे. त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू. आज नाही." तिने बाही वर केली. "द्या तो कागद. कसं घासायचं?"

मग आम्ही दोघींनी मिळून पाठ पुन्हा कोरी केली. तिला मी नानांचा शेवटचा पाहुणा सांगितला, दादाचे पाच ओघळ सांगितले, बुधवारचे कांदेपोहे सांगितले. ती घासता घासता ऐकत होती. अस्तर दिलं, या वेळी सावलीत, बाथरूमच्या माळ्यावर. बुधवारी निळा. गुरुवारी पुन्हा निळा. शुक्रवारी संध्याकाळी हिरव्याची वेळ आली. डबा हलवताना माझा हात थरथरला. हल्ली थरथरतो, तुम्ही पाहिलं आहे. राजश्रीने मायेनेच विचारलं, "आई, हा शेवटचा मी देऊ का? तुमचा हात…"

बाल्कनीत आम्ही दोघीच होतो, पण मला आतून आईचा आवाज आला, आणि अंगणात नाना ब्रश धरून उभे दिसले. मी म्हटलं, "नको गं. बिघडला तरी माझा मला बिघडवू दे."

ती लगेच मागे सरली. मी उजव्या हाताला डाव्या हाताने मनगटाशी आधार दिला, डबा वीतभर लांब धरला आणि श्वास रोखून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा तुषार उडवला. थांबले. पुन्हा एकदा, आडवा. हात थरथरला, पण तुषाराला थरथर कळत नाही, उलट तो आणखी सारखा पसरतो. खालचा निळा वर झिरपला. दोघी बघत उभ्या राहिलो. राजश्री हळूच म्हणाली, "फिरोजी." शनिवारी सकाळी वरचं चकाकीचं पाणी दिलं आणि माझ्या हाताच्या पाची बोटांवर, नखांत, हिरवं निळं राहिलं. मी ते मुद्दाम घासून काढलं नाही.

पाठ पुरती वाळायला रविवारची दुपार झाली. मी ती श्रावणीकडे नेली. तिने भिंगातून कडा पाहिल्या, बोट फिरवलं, उजेडात तिरकी धरली. "अम्मा, ये कंपनी का काम लगता." मग काच बसवली, पाठ चिकटवली, सिम घातलं, फोन सुरू केला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना दाखवला. मी नको नको म्हणाले, पण फार जोरात नाही.

संध्याकाळी मुकुंदने फळीवर तिन्ही फोन पालथे ठेवले, दिवा बंद केला आणि पडदेही ओढले. माझं बोलणं त्याने शब्दशः घेतलं होतं. लहानपणापासून तो तसाच. त्या अंधूक उजेडात दोन काळे फोन नुसत्या सावल्या झाले होते आणि मधला असा दिसत होता, की जणू त्याच्या आत पाणी आहे. मुकुंद फळीजवळ गेला. मग त्याने त्यावरून अंगठा फिरवला, अगदी नानांसारखा. नानांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"एकही ओघळ नाही, आई."

"नाही," मी म्हटलं.

त्याने टॉर्चवाला फोन मुकाट्याने पेटीत घातला. मी लगेच तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. इराने पहिलं काय विचारलं असेल? "आजी, तुझी बोटं निळी का आहेत?" म्हणजे माझे हात कुणीतरी शेवटी पाहिले.

पुढच्या आठवड्यात राजश्रीने स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला. तिला अंजिरी हवा होता. आम्ही श्रावणीकडून पाठ काढून आणली, तीन दिवस राजश्रीने घासली, अस्तर दिलं, थर दिले. शेवटच्या थराच्या वेळी तिने डबा माझ्याकडे केला, "आई, तुम्ही द्या, तुमच्यासारखा मला नाही जमणार." मी हात मागे घेतले. "ज्याने घासलं, त्याने रंगवायचं. आमच्या घरचा नियम आहे." हा नियम आमच्या घरी कधीच नव्हता. त्या दिवसापासून आहे. तिचा एका बाजूला किंचित ओघळला. तो तिने तसाच ठेवला आहे आणि पुढच्या महिन्यातल्या तिच्या बैठकीला तोच अंजिरी फोन टेबलावर होता. तिचं काम छान झालं, हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलंच असेल.

ओजस, आता तू म्हणशील, नव्या फोनला कुठला रंग देणार? अजून ठरलेलं नाही. इथे आलात की दोघांनी मिळून सांगा, आणि घासायची तयारी ठेवा.

सायकल भंगारात गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. नाना नाहीत, आई नाही, दादाही आता नाही. काचीगुड्याच्या अंगणात दुसऱ्या कुणाचं तरी वॉशिंग मशीन आहे. रेगमालाचा शेवटचा तुकडा माझ्या डायरीत आहे, निळा आणि हिरवा लागलेला. फोनच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा अंगठा बसतो, तिथे रंगाचा एक टवका उडाला आहे आणि खालचं राखाडी अस्तर दिसतं. बाकी सगळा फिरोजी अजून जागेवर आहे.